सातेरीची पेटी आणि दोन पावसाळे

परसात मधपेटी ठेवली म्हटलं की लोक विचारतात, वर्षाला मध किती निघतो? आमच्या कुडाळ बाजूला खरं तर आधी विचारायला हवं, जून ते सप्टेंबर या माशा खाणार काय? हा प्रश्न मला माशांची एक वसाहत हातची गेल्यावर पडला. जानेवारी २०२२ मध्ये अर्ज केला आणि पहिला मध एप्रिल २०२४ मध्ये निघाला. मधल्या सव्वादोन वर्षांत कागद कोणते लागले, पैसे कुठे गेले, माशांचं काय चुकलं आणि का, ते क्रमाने लिहिते. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांचा एखादा पावसाळा तरी वाचेल.

आधी माशीबद्दल. आग्या माशी उंचावर, उघड्यावर एकच मोठं पोळं लावते. फुलोरी झुडपात तळहाताएवढं एकच पोळं लावते. या दोघी पेटीत राहत नाहीत. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, वारुळात, गडग्याच्या म्हणजे दगडी कुंपणाच्या पोकळीत, अंधारात एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते. म्हणून ती चौकटीच्या पेटीत, एका चौकटीत एक पोळं असं, नांदू शकते. परदेशी मेलिफेरा मध जास्त देते, पण फुलोऱ्यामागे पेट्या घेऊन फिरावं लागतं. घराच्या परसासाठी सातेरीच बरी. ती इथलीच आहे, आणि पेटीतून निघून गेली तरी रानात जगते.

मध केंद्र योजनेची जाहिरात वर्तमानपत्रात आली होती. ही योजना महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची. निम्मे पैसे अनुदान, निम्मे आपले, आणि प्रशिक्षण मोफत. एकट्या माणसासाठी अर्ज दोन प्रकारचे असतात. वैयक्तिक मधपाळाला साक्षर असणं आणि वय १८ पूर्ण असणं पुरतं. स्वतःची शेती असेल तर प्राधान्य मिळतं आणि प्रशिक्षण १० दिवसांचं असतं. केंद्रचालक व्हायचं तर दहावी पास, वय २१ आणि स्वतःची किंवा कुटुंबाची किमान एक एकर जमीन लागते, प्रशिक्षणही २० दिवसांचं. मी वैयक्तिकचा अर्ज भरला.

कागदांत दोन ठिकाणी अडले. सातबारा सासऱ्यांच्या नावे, म्हणून त्यांचं साध्या कागदावर संमतीपत्र जोडलं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, तलाठ्याकडे फेरी मारावी लागली नाही. दुसरं, शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या. विवाह नोंदणी दाखल्याची प्रत जोडली तेव्हा अर्ज पूर्ण झाला. बायकांनी हा दाखला पहिल्याच फेरीत बरोबर न्यावा. १७ जानेवारी २०२२ ला जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, अर्ज दिला आणि पोच घेतली. त्या पोचेवरचा क्रमांक पुढे प्रत्येक चौकशीत कामी आला.

निवडीचं पत्र सप्टेंबरात आलं. प्रशिक्षणाआधी ‘मी हा व्यवसाय सुरू करीन’ असं बंधपत्र लिहून द्यावं लागतं. मी तेव्हा १०० रुपयांच्या मुद्रांकावर दिलं. ऑक्टोबर २०२४ पासून बहुतेक कागदांना १०० किंवा २०० चा मुद्रांक पुरत नाही, त्यामुळे आता किती रुपयांचा लागतो ते विचारूनच विकत घ्या.

अर्ज आणि पत्र यांमधले आठ महिने मोठे वाटले. त्या काळात एक काम बरं झालं आणि एक फसलं. बरं झालं ते फुलांच्या वहीचं. घरापासून किलोमीटरभराच्या आत कोणतं झाड कधी फुलतं ते लिहीत गेले, कारण सातेरी साधारण तेवढ्याच टापूत चरते. आमच्याकडे डिसेंबरपासून काजू, मागोमाग आंब्याचा मोहोर, फेब्रुवारी-मार्चला जांभूळ, मग करंज, पावसाळा सरता सरता किंजळ, आणि नारळ बारा महिने. वहीत जून, जुलै आणि ऑगस्टची पानं जवळजवळ कोरी राहिली. तेव्हाच त्यावर थांबून विचार करायला हवा होता.

फसलं ते पेटीचं. योजनेच्या पेट्या यायला वेळ आहे म्हणून गावच्या सुताराकडून फणसाच्या फळ्यांची एक करून घेतली. मापं मीच काढून दिली होती आणि ती चुकली. चौकट आणि भिंत, चौकट आणि चौकट यांच्यामध्ये माशीला जायला जेवढी फट लागते ती सातेरीसाठी ८ मिलिमीटरच्या आसपास. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन माणसाने १८५१ मध्ये ही फट ओळखली आणि तेव्हापासून चौकट बाहेर काढता येणारी पेटी शक्य झाली. मी दिलेल्या मापात ती १२ मिलिमीटर पडली. एवढी जागा मोकळी दिसली की माशा तिथे आडवं पोळं बांधतात आणि चौकटी एकमेकींना आणि भिंतीला जोडून टाकतात. मग एक चौकट उचलायची तर तीन पोळी फाटतात. फट ५-६ च्या खाली गेली तर माशी अडकते, चिरडते. दोन चौकटींच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर सातेरीला ३१-३२ मिलिमीटर आणि मेलिफेराला ३५. पेटी करून घेणार असाल तर सुताराला कागदावरची मापं देऊ नका, आयएसआय ‘ए’ प्रकारची, म्हणजे सरकारी मानक मापाची, एक तयार पेटी नमुना म्हणून समोर ठेवा. ती फणसाची पेटी पुढे रिकामी पोळी ठेवायला वापरली.

प्रशिक्षण महाबळेश्वरच्या मध संचालनालयात झालं, १४ ते २३ नोव्हेंबर २०२२. कोकणातून जाणाऱ्यांनी स्वेटर आणि कानटोपी विसरू नये. वर्गातलं पुस्तकात मिळतं, हातातलं तिथेच शिकता येतं. चौकट नेहमी पेटीच्या वरच धरायची, म्हणजे राणी पडली तर आतच पडते. पोळं आडवं धरायचं नाही, उन्हाने मऊ झालेलं नवं पोळं स्वतःच्या वजनाने तुटतं. दुसरी बाजू बघायला चौकट पुस्तकाच्या पानासारखी उभ्यानेच फिरवायची. ऊन पाठीमागून खांद्यावरून पोळ्यातल्या घरांच्या तळाशी पडेल असं उभं राहायचं, तर अंडी दिसतात. तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरी, घराच्या तळाला उभी चिकटलेली. राणी शोधत बसायची गरज नाही. अंडं तीन दिवसच अंडं असतं, मग अळी होते. म्हणजे उभं अंडं दिसलं तर दोन-तीन दिवसांपूर्वीपर्यंत राणी होती. त्या दहा दिवसांत मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे अंडी बघणं. अंडी, अळ्या आणि बंद कोष मिळून पिलावा. पेटी उघडली की मी अजूनही मधाआधी पिलावा बघते.

डंखाबद्दल तिथे नीट सांगतात, तरी इथेही लिहिते. माशीची नांगी काटेरी असते, कातडीत राहते आणि विषाची पिशवी पुढचा काही वेळ विष ढकलत राहते. म्हणून चिमटीत धरून ओढत बसायचं नाही, नखाने लगेच खरवडून काढायची. जागी पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तो इतर माशांना चिथावतो. त्या जागेवर धूर मारायचा आणि बाजूला व्हायचं. हात सुजणं, खाजणं नेहमीचं. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. घरात कुणाला असा त्रास आधी झालेला असेल तर परसात पेटी ठेवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

माझा निम्मा हिस्सा भरल्यावर पेट्या फेब्रुवारी २०२३ च्या मध्यावर आल्या. अर्जापासून तेरा महिने. मंजूर झालेल्या सगळ्या पेट्या एकदम भरल्या नाहीत. पहिल्या वर्षी दोनच, बाकीच्या माळ्यावर. नवख्या हाताला दोन पेट्या हव्यात, एक कमी पडते, कारण एकीत काही बिघडलं तर दुसरीशी ताडून बघता येतं आणि अंड्यांची एखादी चौकट उसनी घेता येते. सुटं सामान मला असं पडलं: जाळीची टोपी ३५०, धुराडं ४५०, पटाशी १८०, राणीचा पिंजरा आणि दारावरची राणी-जाळी (राणीला बाहेर न सोडणारी) मिळून १२०. धुराड्यात नारळाची सोडणं घालते, वरून मूठभर हिरवं गवत. धूर पांढरा आणि गार असायला हवा. आधी स्वतःच्या मनगटावर सोडून बघायचा, चटका बसला तर माशांनाही बसतो.

पेट्या ठेवल्या त्या परसाच्या पूर्वेकडे, फणसाच्या सावलीच्या कडेला. सकाळचं ऊन दारावर आणि दुपारची सावली छपरावर. पेटीखालची घोडी दीड फूट उंच. चारी पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर ओंबील, म्हणजे तांबड्या मुंग्या, चढतात आणि रात्रीत वसाहत उठते, पेटी सोडून जाते. वाटीतलं पाणी उन्हाळ्यात दोन दिवसांत आटतं, आणि वाळकं पान पडलं तर त्याचा पूल होतो. दाराच्या समोर दहा फुटांत वाट किंवा कपडे वाळत घालायची दोरी नको.

पहिली वसाहत प्रशिक्षणातल्या ओळखीच्या मधपाळाकडून २००० रुपयांना घेतली. दुसरी आमच्याच गडग्यातून काढली. शेजारचे आबा लहानपणापासून मोहोळं काढणारे, त्यांना बोलावलं. ही रीत सविस्तर लिहिते, कारण कोकणात बहुतेकांना पहिली वसाहत अशीच मिळते आणि इथेच सगळ्यात जास्त वसाहती मरतात.

२६ फेब्रुवारी २०२३, संध्याकाळी साडेचार. सकाळी काढलं तर बाहेर चरायला गेलेल्या माशा दिवसभर सैरभैर फिरतात, आणि रात्री पोळी दिसत नाहीत. दोन चिरे सरकवले, फटीत तीन-चार फुंका धूर दिला आणि पाच मिनिटं थांबलो. आत सात पोळी होती. कडेचं पोळं आधी, मुळापाशी पातळ सुरीने कापायचं आणि झाडणीने हलकेच माशा झटकायच्या. प्रत्येक पोळ्याचा वरचा भाग मधाचा, खालचा पिलाव्याचा. मधाचा भाग कापून वेगळा ठेवायचा. तो चौकटीत बांधायचा मोह होतो, पण मध जड असतो, रात्रीत पोळं खाली बसतं आणि खालचा पिलावा मधात बुडतो. पिलाव्याचा तुकडा चौकटीच्या मापाचा कापून वरच्या पट्टीला टेकवून बांधायचा. वरची बाजू वरच राहिली पाहिजे, कारण घरांना तोंडाकडे किंचित चढ असतो आणि उलटं बांधलं तर तो उतार होतो. बांधायला केळीचं सोप, दोन ठिकाणी, करकचून नाही. तीन-चार दिवसांत माशा पोळं पट्टीला जोडतात आणि सोप स्वतःच कुरतडून दाराबाहेर टाकतात. नायलॉनचा दोरा त्यांना तुटत नाही.

चार चौकटी भरल्या. राणी पाचव्या पोळ्यावर आबांना दिसली. तिला पिंजऱ्यात घालून तो दोन चौकटींच्या मधे अडकवला. मग भिंतीतल्या माशांचा घोस ओंजळीने उचलून पेटीत. थोड्या वेळाने दारात माशा पोट वर करून पंख हलवताना दिसल्या. राणी आत असल्याची ही खूण, उरलेल्या त्या वासावर आपोआप आत जातात. सांडलेला मध ओल्या फडक्याने पुसून घेतला, नाहीतर ओंबील आणि दुसऱ्या मोहोळातल्या माशा लुटायला येतात.

पुढची अडचण अंतराची. गडगा घरापासून दोनशे पावलांवर. पेटी तेवढीच हलवली तर चरायला गेलेल्या माशा जुन्या जागीच परततात. हलवायची तर दोन-तीन फूट, नाहीतर दोन-तीन किलोमीटर. म्हणून काळोख पडेपर्यंत पेटी गडग्यापाशीच ठेवली, सगळ्या आत आल्यावर दाराला जाळी लावून नणंदेच्या बागेत नेली, घरापासून तीन किलोमीटर. पंधरा दिवसांनी रात्रीच परत आणली. पिंजरा तिसऱ्या दिवशी उघडला, दारावरची राणी-जाळी पाचव्या दिवशी काढली. ती जास्त दिवस ठेवली तर नर आत अडकून मरतात. आठव्या दिवशी माशा पायांवर पिवळे परागगोळे घेऊन आत जाताना दिसल्या, तेव्हा जीव भांड्यात पडला. पराग आत जातोय म्हणजे आत अळ्या आहेत.

मार्च आणि एप्रिल छान गेले. दोन्ही पेट्यांत पाच-पाच चौकटी माशांनी भरल्या. आणि इथे माझी चूक झाली. मे महिन्यात दोन्हींवर मधकोठी, म्हणजे मधासाठीचा वरचा कप्पा, चढवली. करंजाचा मध उतरेल असं वाटलं, पण फुलोरा संपत आला होता. त्यातच एका ऑनलाइन दुकानातून मागवलेला मेणपत्रा (पोळ्याचा पाया म्हणून चौकटीत लावायचा मेणाचा पातळ ताव) मेलिफेराच्या मापाचा निघाला. त्याची घरं सातेरीच्या घरांहून मोठी. माशांनी त्यावर कामकऱ्यांऐवजी नरांची घरं बांधली, काही ठिकाणी पत्रा कुरतडून टाकला. मेणपत्रा मागवताना ‘सातेरीचा’ असं लिहूनच मागवा आणि आल्यावर पेटीतल्या पोळ्याला लावून बघा.

जून लागला. मधकोठी तशीच वर राहिली. बाहेरून माशा ये-जा करताना दिसत होत्या, पाऊस होता, म्हणून पेटी उघडली नाही. ९ जुलैला उघाडीच्या दुपारी विकत घेतलेली वसाहत उठली. सगळ्या माशा ढगासारख्या वर आल्या, माडावर दहा मिनिटं बसल्या आणि नदीच्या दिशेने गेल्या. आत बघितलं तर एक अंडं नाही, एक अळी नाही, मधाचा थेंब नाही. पोळ्यांत मेणकिड्याची जाळी आणि तळपाटावर काळी विष्ठा. त्या दिवशी फार वाईट वाटलं. ती वसाहत उपाशी होती आणि मी दारावरची वर्दळ बघून खूश होते.

सातेरी अशी अचानक जात नाही, तयारी करून जाते. आधी राणी अंडी घालणं थांबवते, असलेला पिलावा बाहेर येऊ देतात, साठा संपवतात, मग उघाडीची दुपार गाठतात. म्हणजे पंधरा-वीस दिवस आधी पेटी उघडली असती तर अंडी नाहीत हे दिसलं असतं. आणि मेणकिडा हे कारण नसतं, तो मागाहून येतो. माशा जेवढी पोळी झाकून बसू शकतात तेवढीच त्या राखू शकतात. रिकामी, उघडी पोळी पेटीत ठेवली की मेणकिड्याचा पतंग तिथे अंडी घालतो.

दुसरी पेटी त्याच संध्याकाळी उघडली. माशा तीन चौकटींपुरत्या, अंडी थोडी होती. मधकोठी काढली, माशा नसलेल्या दोन चौकटी काढल्या आणि खायला द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून पावसाळ्याचा जो क्रम बसला तो असा. साखर आणि पाणी वजनाने सारखं, पाणी उकळून त्यात साखर विरघळवायची, पूर्ण गार करायचं. गूळ नाही, त्याने माशांना हगवण लागते. बाजारचा मध तर अजिबात नाही, त्यातून रोग येतात. थाई सॅक ब्रूड हा अळ्यांचा विषाणूरोग १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात पसरला तेव्हा सातेरीच्या बहुतेक वसाहती गेल्या होत्या. पाक देताना नारळाची करवंटी वरच्या रिकाम्या जागेत ठेवायची, त्यात १५० मिलिलिटर पाक आणि वर चार-पाच काड्या, म्हणजे माशा बुडत नाहीत. वेळ दिवेलागणीची. दिवसा दिला तर वासाने लूट सुरू होते. आठवड्यातून दोनदा. एक किलो साखरेचा साधारण १.६ लिटर पाक होतो, म्हणजे सोळा आठवड्यांना पेटीमागे तीन किलो साखर. दीडशे रुपयांच्या आत. एवढ्याशा साखरेवाचून मी दोन हजारांची वसाहत घालवली होती.

बाकी पावसाळी कामं लहान आहेत पण चुकवायची नाहीत. पेटीच्या मागच्या पायांखाली बोटभर जाडीची चीप, म्हणजे आत गेलेलं पाणी दारातून निघून जातं. छपरावर पत्रा, चारी बाजूंनी वीतभर पुढे. दार दोन-तीन माशांपुरतं लहान. दर आठ दिवसांनी उघाड बघून तळपाट खरवडायचा, दोन मिनिटांत झाकण लावायचं. बाहेर काढलेली चांगली पोळी कागदात गुंडाळून हवाबंद डब्यात, आणि डबा अधूनमधून उन्हात. त्याच पावसाळ्यात माशा टिपणारे वेडा राघू पक्षी कमी झाले पण गांधीलमाश्या दारात येऊन बसू लागल्या. लहान दाराचा इथेही उपयोग झाला, शिवाय रोज सकाळी पाच मिनिटं बॅडमिंटनची रॅकेट घेऊन उभी राहिले. गांधीलमाशीचं पोळं जवळपास असेल तर ते स्वतः पाडायला जाऊ नका.

ऑक्टोबर २०२३ मध्ये किंजळ फुलली आणि तीन चौकटींच्या पाच झाल्या. डिसेंबरात काजूला मोहोर आला, तेव्हा वेगळंच काम निघालं. मोहोरावर ढेकण्या ही कीड पडते म्हणून आजूबाजूच्या बागांत फवारणी होते. आम्ही तीन घरी जाऊन बोललो. कुणी नाही म्हटलं नाही, आम्ही फक्त आदल्या दिवशी फोन करा एवढंच मागितलं होतं. फवारणी संध्याकाळी पाचनंतर करायचं ठरलं. फोन आला की फवारणीच्या संध्याकाळी दाराला बारीक जाळी लावायची, पेटीवर ओलं गोणपाट टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी नऊ-दहापर्यंत बंद ठेवायची. त्याहून जास्त नाही, उन्हात आत गुदमरतात. एकदा निरोप राहिला, तर सकाळी दारासमोर जीभ बाहेर आलेल्या मेलेल्या माशांचा सडा होता. वसाहत वाचली, पण पंधरा दिवस मागे पडली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पोळ्यांच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या शेंगेसारखी राणीघरं लोंबायला लागली. म्हणजे वसाहत फुटणार. जुनी राणी निम्म्या माशा घेऊन जाते. ती जायच्या आत मीच विभागणी केली. जुनी राणी, तीन चौकटी पिलावा आणि त्यावरच्या माशा नव्या पेटीत, ती परसाच्या दुसऱ्या टोकाला. जुन्या जागी बाकीचा पिलावा आणि एकच चांगलं राणीघर, बाकीची खुडली. चरणाऱ्या माशा जुन्या जागीच परततात म्हणून राणीघराच्या पेटीत माशा जास्त उरतात आणि नव्या पेटीत कमी, तेव्हा तिकडे दोन जास्तीच्या चौकटींवरच्या माशा झटकायच्या. नवी राणी आठवडाभरात बाहेर आली, वहीत ६ मार्च लिहिलंय. मग ती नरांशी मीलनासाठी उडून येते. या दिवसांत पेटी उघडायची नाही. २० मार्चला अंडी दिसली.

मार्चअखेर तशीच दुसरी विभागणी केली, ती फसली. राणी उडाली ती परतली नाही. तीन आठवड्यांनी एकेका घरात तीन-तीन, चार-चार अंडी दिसली, काही भिंतीला चिकटलेली, आणि विखुरलेली फुगीर नरघरं, टोपीला मधोमध टाचणीएवढं छिद्र असलेली. राणी नसताना कामकरी माशा अंडी घालायला लागतात, त्यांतून फक्त नर होतात. नवखं माणूस इथे अंडी भरपूर म्हणून आनंदतं. ही वसाहत मी मोठीत मिसळली. मोठीच्या वर वर्तमानपत्राचा एक कागद, त्याला चार-पाच बारीक छिद्रं, वर ही कोठी. दोन दिवसांत कागद कुरतडत दोन्हींचा वास एक होतो आणि भांडण होत नाही.

मध १४ एप्रिलला काढला, जुन्या जागेच्या पेटीतून. फक्त मधकोठीतला. पिलाव्याच्या चौकटींच्या वरच्या कडेचा मध त्यांचा, त्याला हात लावला नाही. चौकटीची तीन-चतुर्थांश घरं मेणाने बंद झाली की ती काढायची. मी पहिल्यांदा घाई केली, अर्धवट बंद चौकट काढून ओलावामापक यंत्रावर एक थेंब बघितला तर २२ टक्के. विक्रीच्या मधात ओलावा २० टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि एवढा पातळ मध आंबतो. चौकट परत ठेवली, दहा दिवसांनी १९.५ आला. गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीने टोप्या काढल्या. मधयंत्र उसनं आणलं होतं. आधी सावकाश, मग बाजू बदलून, मग जोरात. पहिल्याच फेरीला जोर लावला तर पोळं जाळीत फाटतं. रिकामी पोळी त्याच संध्याकाळी परत दिली. मध मलमलीतून गाळून स्टीलच्या डब्यात दोन दिवस झाकून ठेवला, वर आलेला फेस काढला, गरम केला नाही. सगळा मिळून ३ किलो ४०० ग्रॅम.

घरात ठेवून पाव-पाव किलोच्या चार बाटल्या ओळखीत द्यायच्या म्हटलं तरी पैसे घेऊन द्यायच्या असल्याने अन्न सुरक्षेची नोंदणी करून घेतली. लहान उत्पादकाला साधी नोंदणी पुरते, मला फॉर्म ‘ए’, फोटो, ओळखपत्र आणि वर्षाला १०० रुपये एवढं लागलं. फॉस्कॉस या संकेतस्थळावर घरूनच झाली, नऊ दिवसांत क्रमांक आला. बाटलीवर तो क्रमांक, वजन, काढल्याची तारीख आणि गावाचं नाव लिहिते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मधकोठ्या उतरवल्या. २५ मे ला सहा किलो साखर आणून ठेवली, दोन करवंट्या घासून उन्हात वाळवल्या आणि मागच्या पायांखाली चिपा सारल्या. जून ते सप्टेंबर दोन्ही पेट्या दर आठ दिवसांनी उघडल्या, तारखेपुढे फक्त एवढंच लिहीत गेले: अंडी आहेत की नाहीत, माशा किती चौकटींवर. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात जुन्या राणीच्या पेटीत अंडी दिसेनात, तेव्हा पाक आठवड्यातून तीनदा केला आणि दुसरीतून कोषांची एक चौकट दिली. अकराव्या दिवशी अंडी परत दिसली. ऑक्टोबर २०२४ ला दोन्ही पेट्या जागेवर होत्या, एक चार चौकटींची, एक पाच.